सुनंदाला आणायला पठारावर

आमच्या तिसगावात कुणी अकोले तालुक्यात जाऊन आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "धबधबा पाहिला का?" मी नाही पाहिला. मी मार्चमध्ये गेले होते, आणि मार्चमध्ये तिकडच्या डोंगरांवर पाणी नसतं, गवत असतं. छातीपर्यंत वाढलेलं, वाळून पिवळंधमक झालेलं गवत. ते पाहून मला आधी हेवा वाटला. आमच्याकडे उन्हाळ्यात जनावरांसाठी उसाचं वाढं विकत आणतात, आणि इथे डोंगरच्या डोंगर चारा उभा. हा हेवा काही फार टिकला नाही.

जायचं कारण हवापालटाचं नव्हतं. माझी एकुलती एक मुलगी सुनंदा तिकडे दिलेली आहे. तिला सातवा महिना होता, तोही संपत आलेला. पहिलं बाळंतपण माहेरी, सातव्यात न्यायचं आणि आठवा लागला की मुलीला वेस ओलांडू द्यायची नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका, परीक्षांच्या तोंडावर रजा मिळता मिळेना. मिळाली तेव्हा आठवा उंबऱ्यावर येऊन उभा होता. हे गेल्यापासून घरात मी एकटी. मुलगी आणि तिचं बाळ चार-सहा महिने घरात असतील, या एका विचारावर मी तो हिवाळा काढला होता. तेव्हा तिला घेतल्याशिवाय परत यायचं नाही, एवढं ठरवून निघाले.

तिसगाव ते राजूर

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. छप्पन साली माझ्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. देव्हारा गेला, नवस गेले, उपासतापास गेले. आईला फक्त एक रीत सोडवली नाही: मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. ही देवाची रीत नाही, मानाची आहे, असं आई म्हणे. तिने ती माझ्या बाबतीत पाळली, मी सुनंदाच्या बाबतीत पाळणार होते. म्हणून माझ्या सामानात दशम्यांचं फडकं, शेंगदाण्याची चटणी, फिरकीचा तांब्या आणि पाण्याने भरलेली प्लास्टिकची कॅन होती. कंडक्टरने विचारलं, "बाई, दुष्काळ तुमच्याकडं का तिकडं?" मी तिकीट घेतलं आणि कॅन पायाशी ओढली.

नगर सोडल्यावर साखर कारखान्यांच्या मळीचा वास खिडकीतून आत येतो तो संगमनेरपर्यंत सोबत करतो. संगमनेरच्या पुढे रस्ता वळायला लागतो आणि डोंगर जवळ येतात. आमच्याकडचे डोंगर म्हणजे टेकाडं, त्यांना आम्ही प्रेमाने डोंगर म्हणतो हे तिथे कळलं. राजूरला जावई प्रकाश स्टँडवर उभे होते. ते राजूरला एका दुकानात कामाला आहेत आणि सुट्टीला वर घरी जातात. मी पेढे घेतले, त्यांनी माझी कॅन खांद्यावर घेतली. पुढे जीप, आणि जीप थांबते तिथून एका खड्या घळीतून, जिला ते लोक नाळ म्हणतात, पायी वर. वाटेत तीन बायका डोक्यावर हंडे घेऊन आमच्या पुढे चढत होत्या. उन्हाळ्यात पठारावरचा झरा आटला की पाणी असं खालून जातं. जावयाच्या खांद्यावरची कॅन पाहून त्यातली एक हसली आणि म्हणाली, "परकाश, बायकोचं काम करतो व्हय?" कॅन कशासाठी आहे हे त्यांना अजून ठाऊक नव्हतं, आणि सांगायचं मलाही जमलं नाही.

पठार

वाडी डझनभर घरांची. आमच्या बाजूला घरावर मातीचं सपाट धाबं असतं, पेटवायचं म्हटलं तरी पेटत नाही. इथे कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप आणि वर गवताचं जाड छप्पर. सुनंदाचं घर सगळ्यात कडेला, गवताला अगदी लागून. आत गेल्यावर मात्र जिवाला थंडावा वाटला. जमीन सारवलेली, कोनाड्यात पितळेची बुद्धमूर्ती, दाराशी कोंबड्या. सुनंदा पोटावर हात ठेवून हसत समोर आली. माझी पोर काळवंडली होती आणि भरली होती. तिसगावात पाल दिसली की खुर्चीवर चढणारी मुलगी ती हीच का, असं वाटलं.

विहीण सगुणाबाई. उंच, हडकुळी, कमरेला पदर खोचलेली बाई. तिने पाय धुवायला पाणी दिलं आणि मग लोटीभर पाणी आणि गुळाचा खडा पुढे केला. मी म्हटलं, "मी माझं आणलंय, विहीणबाई." कॅनकडे बोट केलं. सगुणाबाईने कॅनकडे पाहिलं, लोटीकडे पाहिलं.

"सोयऱ्याच्या घरचं पानी न्हाई पीत?"

मी रीत सांगितली.

"ती रीत मला ठावी हाय," ती म्हणाली. "पर आपल्यात कोन पाळतं आता? माज्या सासऱ्यानं जल्मभर पानी न पिनारी मानसं बघितली, खालच्या गावात. आता सोयरं बी तसंच आलं म्हनायचं."

माझे कान तापले. तिचं म्हणणं खरं होतं, आणि खरं बोललेलं लागलं की मला जास्तच ताठ व्हायची सवय आहे. मी माझ्या तांब्यातलं पाणी प्याले. सुनंदा चुलीपाशी पाठ करून बसली होती. तिने मान वळवली नाही.

संध्याकाळी व्याही दगडूबा शेतावरून आले. बोलणं कमी, खोकणं जास्त. मी लगेच विषय काढला: उद्या सकाळी आम्ही निघतो. सगुणाबाई म्हणाली, रविवारी माझी बहीण येणार, ओटी भरायची, मग जा. मी म्हटलं, रविवारपर्यंत आठवा लागतो. ती म्हणाली, "हितं बी बायका बाळंत व्हत्यात. डोंगरानं कुनाला खाल्लं न्हाई." मी म्हटलं, आमच्याकडे दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे. दोघी मोठ्या गोडीत बोलत होतो, आणि दगडूबा हळूच उठून बाहेर गेले. ज्या मुलीबद्दल चाललं होतं तिला दोघींपैकी कुणीच काही विचारलं नाही. शेवटी तडजोड झाली: परवा निघायचं, ओटी उद्याच भरायची. बहिणीला उद्याच ये असा निरोप धाडायला प्रकाश खाली गेले नाहीत, म्हणजे सगुणाबाईने हार मानली असं मी समजले आणि मनातून सुखावले.

अंगणात आले तर समोरच्या डोंगराच्या कडेला तांबड्या आगीची एक बारीक रेघ दिसत होती.

"राब भाजत्यात," दगडूबा म्हणाले. नाचणी आणि भाताचं रोप टाकायचं त्या तुकड्यावर पालापाचोळा, शेण, गवत पसरून ते जाळायचं, त्याला राब भाजणं म्हणतात. जमीन भाजली की रोप जोमानं येतं. त्यांचा स्वतःचा राब घरामागे थोड्या अंतरावर आठवड्यापूर्वीच भाजून झाला होता, काळाभोर तुकडा. "कुनाचा तरी निसटला असंल गवतात. लांब हाय."

मी विचारलं, किती लांब? ते म्हणाले, लई लांब.

दुसरा दिवस

सकाळी सूर्य उगवला तो पितळी ताटासारखा, डोळे न दिपवता बघता येईल असा. हवेत धूर असा दिसत नव्हता, पण धुराचा वास होता. मी दशमी खात होते तर वरून एक काळी काडी तरंगत आली आणि दशमीवर बसली. गवताची जळकी काडी. मी ती सगुणाबाईला दाखवली.

"वारा अजून तकडंच हाय," ती म्हणाली. "वळला तर बघू."

ओटीची तयारी चालली होती. खण, नारळ, तांदूळ. वाडीतल्या बायका येत होत्या, हसत होत्या, सुनंदाच्या पोटाकडे पाहून मुलगा की मुलगी यावर पैजा लावत होत्या. माझं कशातच लक्ष नव्हतं. मी दर थोड्या वेळाने कडेला जाऊन बघून येत होते. रेघ आता रेघ राहिली नव्हती. त्यावर घारी घिरट्या घालत होत्या, आगीतून उडणारे नाकतोडे टिपायला. मी सुनंदाला एकटी गाठून म्हटलं, "आत्ताच निघू. ओटी राजूरला भरता येईल."

"आई, तू बस ना जरा," ती म्हणाली. "काल आल्यापासून तू बसलीच नाहीस."

मी बसले, आणि पुन्हा उठले. त्या दिवशी माझं बूड टेकत नव्हतं हे खरंच आहे.

सुनंदाची ओटी भरून होते न होते तोच वारा वळला. तो वळल्याचं मला कळलं नाही, पण अंगणातल्या सगळ्या बायका एकदम गप्प झाल्या आणि त्यांनी एकाच दिशेला तोंड केलं. मग धूर आला. खालच्या उतारावरून दोन पुरुष पळत वर आले आणि म्हणाले, आग नाळेच्या अलीकडे आलीय. म्हणजे आमची खाली जायची वाटही आगीच्या पलीकडे राहिली.

पुढचं सगळं ज्या वेगाने झालं त्या वेगाने मला लिहिता येणार नाही. तरुण पुरुष हिरव्या फांद्या तोडून घेऊन उताराकडे धावले, त्यात प्रकाशही. फांद्यांनी झोडपून आग विझवतात. म्हातारे आणि बायका घरांकडे आले. कडेचं घर म्हणून आमचं पहिलं. दगडूबा, जे आदल्या दिवशी चार पावलं चालून खोकायला थांबत होते, ते कोयता घेऊन छपरावर चढले आणि गवताचे बंध तोडायला लागले. शेजारचे दोघे त्यांच्या मागून चढले. पेंढ्याच्या पेंढ्या खाली कोसळायला लागल्या, बायका त्या ओढून लांब ओढ्याच्या कोरड्या पात्रात नेऊन टाकत होत्या. घर वाचवायचं तर त्याचं छप्पर आपल्याच हाताने उतरवायचं. उघडा सांगाडा आणि शेणाने लिंपलेला कूड एकवेळ तरतो, गवत तरत नाही.

मी आमच्या पद्धतीने धावले. तिसगावात कडब्याची गंजी पेटली की सगळं गाव बादल्या घेऊन विहिरीकडे पळतं. मी दारातला भरलेला हंडा उचलला आणि वळचणीवर निम्मा ओतला. उरलेला ओतणार तोच सगुणाबाईने माझं मनगट धरलं.

"पानी आगीला न्हाई, इहीनबाई," ती म्हणाली. "मानसाला हाय. पोरं तकडं झोडपाया गेल्यात."

तिच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. जो हंडा एका बाईने नाळेतून डोक्यावर आणला होता, त्यातला निम्मा मी गवताला पाजला होता. ते गवतही दुसऱ्याच क्षणाला खाली पडलं.

सामान काढणं सुनंदाने हातात घेतलं होतं. मी तिला हात धरून बाजूला बसवायला गेले तर तिने हात सोडवून घेतला, हळूच पण ठामपणे. बियाण्याची कणगी आधी, मग भांडी, गोधड्या, पितळेची मूर्ती. शेळ्यांचे दोर तिने स्वतः सोडले. "काकी, कोंबड्या डालग्याखाली घाला. ए सोनी, जातं ऱ्हाऊ दे, जातं जळत न्हाई." ही भाषा तिने कधी उचलली? सगळं सामान घरामागच्या त्या काळ्या राबात नेऊन ठेवायचं होतं. जी जमीन एकदा जळून गेली आहे तिथे आग परत येत नाही. मी गोधड्यांचं गाठोडं घेऊन निघाले आणि अर्ध्या वाटेतून परत फिरले. सुनंदाने विचारलं, "काय राहिलं?" मी म्हटलं, "कुलूप कुठे आहे?"

तिने वर पाहिलं. मीही पाहिलं. घराला छप्पर नव्हतं आणि मी त्याच्या दाराचं कुलूप शोधत होते. सुनंदा एवढ्या धुरातही हसली, आणि मग मलाही हसू आलं, रडण्याच्या अगदी जवळचं.

राबात

आम्ही वीस-पंचवीस बायका-मुलं, शेळ्या, गाई आणि गाठोडी त्या काळ्या तुकड्यावर बसलो. म्हाताऱ्यांनी घरांच्या कडेने स्वतःच आग लावली, येणाऱ्या आगीला समोरून भिडायला. माझ्या नातवंडाच्या घराभोवती त्याचा आजाच आग लावत होता. मग दोन्ही आगी भिडल्या आणि एवढा मोठा आवाज झाला की सुनंदाने डोळे मिटून घेतले. मी तिच्या एका बाजूला होते, सगुणाबाई दुसऱ्या. दोघींनीही एकाच वेळी तिच्या डोक्यावरून पदर ओढला, त्यामुळे तिच्यावर दोन पदर आले. मी मनात म्हणत होते, हिला काही होऊ नये, बाकी सगळं जळो. नंतर सगुणाबाईला विचारलं तर तीही तेच म्हणत होती.

धुराने घसा फाटला होता. कुणीतरी लोटी हातात दिली, मी प्याले, अर्धी सुनंदाला दिली. बऱ्याच वेळाने लोटीकडे लक्ष गेलं. उरलेल्या निम्म्या हंड्यातलं पाणी होतं ते. माझी कॅन दाराशी राहिली होती, ती वितळून तिचा एक लगदा झालेला पुढे सापडला. सगुणाबाईने मला पिताना पाहिलं होतं. ती एवढंच म्हणाली, "आता जेवा बी."

उन्हं उतरताना सगळं संपलं. प्रकाश आणि बाकीचे परत आले, भुवया जळालेले, काळे, पण सगळे जिवंत. वाडीतली दोन घरं गेली. सुनंदाचं घर उभं होतं. चार भिंती आणि वर उघडं आढं, त्यातून आभाळ दिसत होतं. पण ओढ्याच्या पात्रात टाकलेलं छपराचं गवत आगीने शोधून काढलं होतं. त्या पात्रात आता राखेशिवाय काही नव्हतं.

आम्ही राबातच तीन दगड मांडून चूल केली. नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. मी दोन भाकरी खाल्ल्या, इतकी गोड भाकरी मी पूर्वी खाल्लेली आठवत नाही. प्रकाश म्हणाले, आठ दिवसांत घर शाकारून काढू. दगडूबांनी मान हलवली.

"कशानं शाकारनार?" ते म्हणाले. "गवत कुटं हाय?"

तेव्हा मला कळलं, आणि बहुतेक प्रकाशनाही. जिथवर नजर जात होती तिथवर डोंगर काळा होता. नवं गवत पावसाळ्यात उगवणार, दिवाळीनंतर कापायला येणार. घर वाचलं होतं आणि पावसाळा मात्र त्याला उघड्या डोक्याने काढायचा होता. खालून पत्रे आणायचे म्हटलं तरी नाळेतून पत्रा पाठीवर चढवायचा कसा, आणि इथल्या वाऱ्यात तो टिकायचा कसा.

सगुणाबाईने हातातला भाकरीचा तुकडा खाली ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "न्या तिला. बाळाला घिऊन कुटं बसंल ती, आढ्याखाली? छप्पर झालं की आमी यिऊ न्यायला."

मी जे घ्यायला आले होते ते मला मिळालं होतं. आदल्या दिवशी मिळालं असतं तर मी पेढे वाटले असते. मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं, पण विहिणीच्या पाया पडत नाहीत, म्हणून मी तिच्या ताटलीत आणखी थोडी चटणी वाढली. सुनंदा म्हणाली, "मी न्हाई जात." पहिल्यांदाच कुणीतरी तिचं मत ऐकलं, पण आता त्याचा उपयोग नव्हता.

परत

सकाळी नाळेतून उतरलो. पायाखाली राख होती आणि पाय घसरत होते, म्हणून सुनंदाला पुढून प्रकाशनी आणि मागून सगुणाबाईने धरलं. मी सगळ्यात मागे, गाठोडी घेऊन. दगडूबा वरच थांबले होते. त्यांनी आढ्यावरच्या जळक्या दोऱ्या काढायला घेतल्या होत्या.

राजूरच्या स्टँडवर गाडी लागलेली होती. मी घाईने जागा धरली, सामान चढवलं आणि हाक मारायला खाली उतरले. सुनंदा सगुणाबाईच्या गळ्यात पडून रडत होती. हुंदके देऊन, लहान मुलीसारखी, पोट मध्ये आल्यामुळे वाकडी होऊन. सगुणाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि स्वतः रडत होती. स्टँडवरचे लोक वळून पाहत होते.

तिच्या लग्नाच्या दिवशी तिसगावच्या स्टँडवरून मी तिची पाठवणी केली तेव्हा ती रडली नव्हती. आमच्या गल्लीतल्या बायका म्हणाल्या, पोरगी कठीण काळजाची दिसते. मी एकटीच रडले होते, आणि जावयाकडची माणसं गाडीच्या दाराशी पिशव्या धरून, आता आवरा म्हणायचं कसं या विचारात, अवघडून उभी होती.

राजूरला मी त्यांच्यासारखीच गाडीच्या दाराशी पिशव्या धरून उभी होते. कंडक्टर म्हणाला, "बाई, चला आता, गाडी सुटायची." मी म्हटलं, "थांबा हो जरा. पोरगी घरातून निघालीय."